त्याच नावाखाली फाइल बदलू नका, जुन्या हॅश पुसू नका: सॉफ्टवेअर प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
सॉफ्टवेअर पॅकेजेस प्रकाशित करणाऱ्या कंपन्या, मुक्त प्रकल्पांचे मेंटेनर आणि पॅकेज रजिस्ट्री चालवणाऱ्या संस्था यांस,

विषय: प्रकाशित फाइलींच्या हॅश पूर्ण, पक्क्या आणि कायम उपलब्ध ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका प्रकाशकाने अलीकडे आपल्या सगळ्या जुन्या आवृत्त्यांच्या चेकसमची, म्हणजे फाइल तीच आहे ना हे ताडून बघण्यासाठी दिलेल्या हॅशची, पाने संकेतस्थळावरून उतरवली. कारण असे दिले की डाउनलोड आता एचटीटीपीएसवरून होते, इन्स्टॉलरवर डिजिटल सही असते, मग चेकसम ताडून बघतो कोण? मी बघते. माझ्यासारखे आणखी बरेच जण बघतात, आणि तेही डाउनलोड होऊन कित्येक वर्षे उलटल्यावर. त्या प्रकाशकाचे नाव घेत नाही, कारण हा समज एकट्या त्यांचा नाही. खासगीत कळवून पाहिले. 'सोडवले' असा शेरा मारून तिकीट बंद झाले. म्हणून हे जाहीर पत्र.

घुसखोरी झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या संगणकांच्या डिस्क तपासणे हा माझा व्यवसाय. साध्या ऑफिसच्या संगणकावरही लाखो फाइली असतात. त्यांतल्या बहुतेक कुणीतरी प्रकाशित केलेल्या असतात: ऑपरेटिंग सिस्टिमच्या, ब्राउझरच्या, प्रिंटर ड्रायव्हरच्या, एकात एक गुंतलेल्या लायब्रऱ्यांच्या. त्या एकेक उघडून बघायच्या म्हटले तर जन्म जाईल. म्हणून आम्ही प्रत्येक फाइलची हॅश काढतो, ओळखीच्या हॅशच्या यादीशी ताडतो आणि जुळलेल्या फाइली सुपाने पाखडल्यासारख्या बाजूला काढतो. उरते ते मूठभर. वापरकर्त्याची स्वतःची कागदपत्रे त्यातच असतात आणि घुसखोराने मागे ठेवलेले काही असेल तर तेही त्यातच.

या कामाशी ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. एसएचए-२५६ हे गणित फाइलमधला प्रत्येक बाइट विचारात घेते आणि फाइल केवढीही असो, २५६ बिटांचे एक उत्तर देते. हे उत्तर म्हणजेच फाइलची हॅश. ते ६४ चिन्हांत लिहितात. फाइलमधला एक बिट बदलला तरी उत्तरातले साधारण निम्मे बिट बदलतात. फाइलचे नाव, तिचा फोल्डर, तिच्यावरची तारीख यांतले काहीच या गणितात येत नाही. त्यामुळे नाव बदलून फाइल भलत्या फोल्डरात दडवली तरी हॅश तीच येते, आणि ओळखीच्या नावाखाली दुसरेच काही ठेवले असेल तर हॅश लगेच वेगळी येते. एकच एसएचए-२५६ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली आजवर कुणीही दाखवलेल्या नाहीत.

आता ही ओळखीची यादी येते कुठून? आमच्या क्षेत्रात सर्वांच्या परिचयाची यादी आहे ती अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीची. तिथले लोक सॉफ्टवेअर गोळा करतात, त्याच्या मूळ प्रती जपतात, आतली फाइल न् फाइल उलगडून हॅश काढतात आणि ती यादी सगळ्यांना मोफत देतात. लक्झेंबर्गमधली सर्कल ही संस्था हॅशलुकअप नावाची सेवा चालवते. तिच्यात या यादीबरोबर लिनक्स वितरणांची पॅकेजेसही आहेत. या लोकांचे आमच्यावर उपकार आहेत. पण नीट पाहिले तर ते तुमचेच राहून गेलेले काम तुमच्या मागे करत बसले आहेत. सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधण्याच्या कामाला बिल्ड म्हणतात. तुमच्या बिल्ड सर्व्हरवर फाइल तयार होते त्याच क्षणी तिची हॅश काढायला एका ओळीची आज्ञा पुरते. तीच फाइल बाहेरच्या माणसाने शोधायची, मिळवायची, उलगडायची आणि मग हॅश काढायची, हा सगळा उलटा कारभार आहे. शिवाय त्यांच्या हाती जे लागले नाही ते यादीत येतच नाही.

माझ्या तक्रारी आता क्रमाने मांडते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार जुनी आहे आणि सर्वांत जास्त चीड आणणारी आहे. आवृत्तीचा क्रमांक तोच, फाइलचे नाव तेच, आणि आतले बाइट वेगळे.

यात कुणाचा वाईट हेतू असतो असे नाही. सहीचे प्रमाणपत्र बदलले म्हणून जुन्या इन्स्टॉलरवर नव्याने सही होते. मदत-पुस्तिकेतली एखादी चूक दुरुस्त करून फाइल गुपचूप जागेवर ठेवली जाते. झिप पुन्हा बांधली जाते आणि आतल्या तारखा बदलतात. दर वेळी माझ्यासमोर अशी फाइल येते की जिचे नाव ओळखीचे आणि हॅश अनोळखी. घुसखोराने फेरफार केलेली फाइल नेमकी अशीच दिसते! मग ती डिसअसेंबल करा, म्हणजे यंत्राच्या आज्ञा वाचता येतील अशा उलगडा, मूळ प्रतीशी बाइट न् बाइट ताडा, आणि शेवटी कळते की फरक फक्त सहीच्या भागात आहे. विंडोजच्या ऑथेंटिकोड पद्धतीत सही फाइलच्या आतच बसते, आणि त्या पद्धतीची स्वतःची हॅश सहीचा भाग वगळून काढली जाते. त्यामुळे तेवढ्या बाबतीत आमची सुटका होते. झिप आणि टारबॉल (अनेक फाइली एकत्र बांधलेला गठ्ठा) यांच्या बाबतीत तीही सोय नाही.

३० जानेवारी २०२३ रोजी सोर्स कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेवर काय झाले ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सोर्स कोडचे जे टारबॉल गिटहब मागणीनुसार तयार करून देते, त्यांचे कॉम्प्रेशन करणारा प्रोग्रॅम गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, नव्या आवृत्तीबरोबर बदलला. आतल्या फाइली अक्षरशः त्याच होत्या, पण जीझिपचे बाइट वेगळे झाले आणि हॅश बदलल्या. ज्या प्रकल्पांनी आपल्या बिल्डमध्ये त्या हॅश नोंदवून ठेवल्या होत्या त्यांचे बिल्ड धडाधड कोसळले, आणि बदल त्याच दिवशी मागे घ्यावा लागला. मागणीनुसार बनणाऱ्या फाइलीच्या बाइटांवर भरवसा ठेवलाच कशाला, असा सवाल तेव्हा उलट बिल्ड लिहिणाऱ्यांनाच केला गेला. सवाल अगदीच गैर नव्हता. तरीही ज्या फाइलीला कायमचा पत्ता आणि आवृत्ती क्रमांक दिला जातो, तिचे बाइटही कायमचे असतील असे माणूस धरून चालणारच. तशी हमी द्यायची नसेल तर ते डाउनलोडच्या बटणाशेजारी लिहा.

न जुळणारी हॅश किती मोलाची असते याचे उदाहरण २०२१ सालचे आहे. कोडकव्ह या सेवेची एक बॅश स्क्रिप्ट अनेक कंपन्यांच्या बिल्डमध्ये थेट उतरवून चालवली जात असे. ३१ जानेवारीपासून कुणीतरी तिच्यात फेरफार करून बिल्डमधल्या किल्ल्या आणि पासवर्ड बाहेर पाठवायला सुरुवात केली होती. दोन महिने कुणाच्याही लक्षात आले नाही. १ एप्रिलला हे उघड झाले, कारण एका ग्राहकाने गिटहबवर दिलेली हॅश आणि उतरवलेल्या स्क्रिप्टची हॅश ताडून पाहिली, त्या जुळल्या नाहीत, आणि त्याने कंपनीला कळवले. ती स्क्रिप्ट एरवीही न सांगता बदलत असती, हॅश कधी जुळत आणि कधी जुळत नसती, तर त्या ग्राहकाने या फरकाकडे ढुंकूनही पाहिले नसते. तुम्ही विनाकारण बाइट बदलता तेव्हा आम्हाला अशा फरकांकडे काणाडोळा करायची सवय लावता.

ठरवले तर जमते, हेही दिसते. पायथन भाषेच्या पायपीआय या पॅकेज रजिस्ट्रीवर एकदा वापरलेले फाइलचे नाव, ती फाइल काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही. जावाच्या मेव्हन सेंट्रल या रजिस्ट्रीवर प्रकाशित झालेली फाइल बदलता येत नाही. गो भाषेच्या लोकांनी २०१९पासून चेकसमची सार्वजनिक नोंदवही ठेवली आहे. तिच्यात फक्त भर घालता येते, आणि मागची नोंद कुणी खोडली तर ती खाडाखोड गणितानेच उघडी पडते.

दुसरी तक्रार. तुम्ही संपूर्ण पॅकेजची हॅश देता, आतल्या फाइलींची देत नाही. इन्स्टॉल झाल्यावर डिस्कवर इन्स्टॉलर सहसा उरतच नाही. उरतात त्याने पसरलेल्या शेकडो फाइली. तुमची ती एकुलती एक हॅश तिथे काय कामाची?

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली गंभीर त्रुटी जाहीर झाली तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्न होता: ही आमच्याकडे कुठे कुठे आहे? नावाने शोधून भागेना. कुठे जार फाइलचे (जावाच्या फाइलींच्या गठ्ठ्याचे) नाव बदललेले, कुठे नावातून आवृत्तीचा क्रमांक गायब, कुठे ती जार दुसऱ्या मोठ्या जारच्या पोटात. मग सदोष आवृत्त्यांच्या जार फाइलींच्या हॅशच्या याद्या तयार झाल्या आणि हातोहात फिरल्या. नाव बदललेल्या जार त्यांनी पकडल्या. पण ज्या उत्पादकांनी लायब्ररी उलगडून तिच्या क्लास फाइली आपल्याच जारमध्ये मिसळल्या होत्या, तिथे जारच्या हॅशचा उपयोग शून्य. तिथे जेएनडीआय-लुकअप, जेएनडीआय-मॅनेजर अशा एकेका क्लास फाइलीची हॅश लागली. आणि मिसळताना ज्यांनी आतल्या पॅकेजची नावेही बदलली होती, त्यांच्या फाइलींचा बाइटकोडच वेगळा झाल्यामुळे तीही चालेना. त्या मिसळलेल्या फाइली नक्की कोणत्या, हे फक्त त्या उत्पादकालाच माहीत असू शकत होते. एका विक्रेत्याकडून मला त्या काळात 'तपासणी सुरू आहे' एवढेच उत्तर येत राहिले. स्वतःच विकलेल्या वस्तूत काय आहे याची तपासणी!

आतल्या फाइलींची यादी देणे ही काही नवी कल्पना नाही. पायथनच्या व्हील पॅकेजमध्ये रेकॉर्ड नावाची फाइल असते, आणि तिच्यात बाकीच्या फाइलींच्या हॅश असतात. लिनक्सवरचे आरपीएम पॅकेज आपल्या फाइलींच्या हॅश बरोबर बाळगते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमध्येही अशी यादी असते, फक्त तिथे अजून एमडी५ ही जुनी हॅश पद्धत आहे. व्यावसायिक इन्स्टॉलर बनवणारे मात्र बहुतांशी गप्प असतात.

सोर्स कोडच्या पॅकेजेसना हीच मागणी का लागू होते, ते फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड यूटिल्स या साधनाच्या प्रकरणातून समजते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचे दार बसवलेले असल्याचे जाहीर केले. दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला लागणारा अर्धा सेकंद जास्तीचा वेळ त्याला खटकला, तिथून तो या शोधाला लागला. दडवलेला मुख्य ऐवज चाचणीच्या फाइली म्हणून गिटमध्येच होता. पण बिल्ड होताना तो जागा करणारी बिल्ड-टू-होस्ट नावाची एम४ फाइल फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती.

इथे जरा थांबते, कारण आमच्या कामाचे मर्म यात आहे. टारबॉल आणि गिट यांतला फरक कुणी पाहिला असता तरी दचकला नसता. अशा टारबॉलमध्ये बिल्डसाठी आपोआप तयार झालेल्या फाइली असतातच आणि त्या गिटमध्ये नसतात, हे सगळ्यांना सवयीचे झाले आहे. त्या गर्दीत एक फाइल खपून गेली. पण ती फाइल मूळची ग्नूलिब या सामायिक संग्रहातली. तिथून ती असंख्य प्रकल्पांत जशीच्या तशी जाते, म्हणजे तिच्या खऱ्या आवृत्त्यांच्या हॅश मोजक्या आणि सहज मिळण्याजोग्या. टारबॉलमधल्या प्रत्येक फाइलीला 'तू गिटमधली आहेस, की एखाद्या ओळखीच्या संग्रहातली, की कुठलीच नाहीस' असे यंत्राने विचारले असते, तर ही फाइल तिसऱ्या रांगेत उभी राहिली असती. ती रांग लहान असेल तर माणूस बघतो. आज ती लहान नाही, कारण टारबॉलमध्ये काय काय आणि कुठून आले हे तुम्ही सांगतच नाही.

तिसरी तक्रार एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतींची. एमडी५ १९९२ साली प्रसिद्ध झाली. २००४ साली शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या वेगवेगळ्या मजकुरांच्या जोड्या दाखवल्या. आज अशी जोडी साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत तयार होते. २०१२ साली उघडकीस आलेल्या फ्लेम या मालवेअरने याच कमजोरीच्या आधारे मायक्रोसॉफ्टचे वाटणारे बनावट प्रमाणपत्र मिळवले होते. एसएचए-१ची पाळी फेब्रुवारी २०१७मध्ये आली: अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. एनआयएसटीने डिसेंबर २०२२मध्ये सांगितले की २०३०च्या अखेरपर्यंत एसएचए-१ वापरातून जायला हवी. इतके सगळे होऊनही आज नव्या रिलीजखाली मला ३२ चिन्हांची एमडी५ दिसते आणि बाकी काही दिसत नाही.

एमडी५ अगदीच टाकाऊ आहे असेही मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणी आधीच तयार केलेल्या फाइलीशी एमडी५ जुळेल अशी नवी फाइल बनवणे आजही कुणाला व्यवहारात जमलेले नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या सीडीवरची फाइल ओळखायला जुनी यादी अजून उपयोगी पडते, आणि ती जपायलाच हवी. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याच्या हाती दोन्ही फाइली बनवणे असते तो एक निरुपद्रवी आणि एक घातक अशी जोडी बनवू शकतो. निरुपद्रवी फाइल ओळखीच्या यादीत शिरू देतो, मग घातक फाइल तिच्या जागी सरकवतो. एक्सझेडमध्ये फेरफार करणारा माणूस प्रकल्पाचा अधिकृत मेंटेनर झालेला होता, हे लक्षात घेतले तर ही शक्यता हवेतली वाटत नाही. जुन्या हॅश राहू द्या, पण त्यांच्याबरोबर एसएचए-२५६ द्या.

चौथी तक्रार पुसून टाकण्याची. आवृत्तीचा आधार (सपोर्ट) संपला की तिचे पान जाते, पानाबरोबर हॅश जाते. फाइल मात्र लोकांच्या डिस्कवर राहते, आणि आधार संपलेली आवृत्ती ओळखण्याची गरज तर जास्तच असते. याहून वाईट प्रकार रजिस्ट्रीवरच्या घातक पॅकेजेसचा. ती सापडली की काढून टाकली जातात, हे योग्यच. पण त्यांच्याबरोबर त्यांच्या हॅशही नाहीशा होतात. ज्यांनी त्या दोन-चार दिवसांत ते पॅकेज उतरवले होते त्यांच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात), बिल्डच्या इमेजमध्ये, कुठल्याशा विसरलेल्या फोल्डरात ती फाइल पडून असते. शोधायचे कशाच्या आधारे? तुम्ही सांगता फक्त नाव आणि आवृत्ती, आणि नावाने शोधण्याचे हाल वर सांगितलेच. फाइल काढा, हॅश ठेवा. हॅशवरून फाइल पुन्हा बनवता येत नाही, त्यामुळे ती जाहीर राहिल्याने कुणालाही अपाय होत नाही. जपणूक कशी असते ते डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात बघा: २००५पासूनची पॅकेजेस तिथे आजही मिळतात.

पाचवी तक्रार हॅश ठेवण्याच्या जागेची आणि रूपाची. ज्या सर्व्हरवर फाइल, त्याच सर्व्हरवर तिची हॅश, आणि सही कुठेच नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतस्थळात शिरून घुसखोरांनी डाउनलोडची लिंक मागचे दार बसवलेल्या आयएसओ फाइलीकडे वळवली होती. ज्याला पानावरची लिंक बदलता येते त्याला त्याच पानावरची हॅश बदलायला कितीसा वेळ लागणार? आणि रूपाबद्दल काय सांगावे! कुणी हॅश चित्राच्या रूपात देतो, कुणी पीडीएफमध्ये ओळ मोडून. एका यादीत तर ई३बी०सी४४२ने सुरू होणारी हॅश दिमाखात छापलेली होती. आमच्या धंद्यातला कुणीही ती पाहताच हसेल, कारण ती रिकाम्या फाइलीची हॅश आहे. यादी बनवणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती फाइल पोहोचलीच नव्हती आणि प्रसिद्ध होण्याआधी ती यादी कुणी वाचलीही नव्हती.

सहावी तक्रार थोडक्यात. एसबॉम, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, आता बरेच जण देतात. अमेरिकेच्या एनटीआयए या संस्थेने जुलै २०२१मध्ये अशा यादीत किमान काय असावे ते जाहीर केले, तेव्हा घटकाची हॅश शिफारशीत राहिली, सक्तीत आली नाही. तुम्ही ती सवलत कायमची समजून रकाना रिकामा सोडता. नाव आणि आवृत्ती यांची जंत्री म्हणजे तुमचा शब्द. हॅश असेल तर तो शब्द डिस्कवर ताडून बघता येतो.

आता माझ्या मागणीच्या मर्यादा मीच सांगते, म्हणजे उत्तरात त्या माझ्यावर उलटवल्या जाणार नाहीत. हॅश जुळली म्हणजे फाइल निर्धोक, असे माझे म्हणणे नाही. २०१७ साली सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती मालवेअरसकट अधिकृत जागेवरून, कंपनीच्या वैध सहीनिशी वाटली गेली. तिची हॅश प्रकाशकाच्या हॅशशी जुळलीच असती. एनआयएसटीची यादीही फाइलींना 'ओळखीच्या' म्हणते, 'चांगल्या' म्हणत नाही, आणि तिच्यात हॅकिंगची साधनेही आहेत. पण सीक्लीनरची ती आवृत्ती वाईट असल्याचे कळल्यावर ती कुणाकुणाच्या संगणकावर आहे हे शोधायला पुन्हा हॅशच लागते. दुसरी मर्यादा: हॅशवरून फाइल ओळखता येते, पॅकेज ओळखता येईलच असे नाही. पायथनच्या अगणित पॅकेजेसमध्ये तीच रिकामी इनिट फाइल असते, परवान्याचा तोच मजकूर हजारो ठिकाणी असतो. पॅकेज ठरवायचे तर अनेक फाइलींचा संच जुळवावा लागतो, आणि त्यासाठी संपूर्ण संच जाहीर हवा. म्हणजे फिरून दुसऱ्या तक्रारीपाशीच येतो.

तुमचे आक्षेपही ऐकून आहे. काही कंपन्या म्हणतात की आतल्या फाइलींच्या हॅश जाहीर केल्या तर व्यवसायाची गुपिते फुटतील. त्या फाइली तुम्ही प्रत्येक ग्राहकाला दिलेल्याच आहेत, आणि हॅश कोणीही काढू शकतो. जागेचा आक्षेप तर हास्यास्पद आहे. एक एसएचए-२५६ हॅश ३२ बाइटांची असते, दहा लाख फाइलींच्या हॅश ३२ मेगाबाइटांत मावतात. तुमच्या एका इन्स्टॉलरपेक्षा हे कमी असेल. मुक्त प्रकल्पांच्या मेंटेनरांचा आक्षेप मात्र मला मान्य आहे: ते फावल्या वेळात, बिनपगारी काम करतात आणि त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझे नको. म्हणूनच माझ्या मागण्यांचा मोठा भार रजिस्ट्री आणि बिल्ड सेवा चालवणाऱ्यांवर आहे. मेंटेनरने पॅकेज चढवले की यादी आपोआप तयार व्हावी, त्याला वेगळे काही करावे लागू नये.

मागण्या अशा:

१. एकदा प्रकाशित झालेल्या नाव-आवृत्तीखाली एकही बाइट बदलू नका. सही बदलायची असली तरी नवा क्रमांक द्या.

२. प्रत्येक पॅकेजची, आणि आतल्या प्रत्येक फाइलीची, एसएचए-२५६ किंवा तिच्याहून भक्कम हॅश द्या. दुसऱ्याची लायब्ररी मिसळली असेल तर ती कुठून घेतली आणि मिसळताना काय बदलले हेही त्याच यादीत लिहा. सोर्स टारबॉलमधल्या ज्या फाइली गिटमध्ये नाहीत त्यांच्यापुढे तशी खूण करा.

३. यादीवर सही करा आणि फाइलींच्या सर्व्हरपासून वेगळ्या जागी तिची प्रत ठेवा.

४. फाइल काढली तरी हॅश काढू नका. घातक म्हणून काढलेल्या पॅकेजच्या हॅशपुढे तसे स्पष्ट लिहा.

५. एसबॉममधला हॅशचा रकाना भरा, आणि ती हॅश मूळ पॅकेजची आहे की तुम्ही पुन्हा बांधलेल्या पॅकेजची, ते सांगा.

६. संपूर्ण यादी एकगठ्ठा उतरवून घेता येऊ द्या. ऑनलाइन विचारणा करायला लावाल तर आमच्या तपासात कोणत्या फाइली आहेत ते आम्हीच तुम्हाला कळवत बसू, आणि पुष्कळ तपासांत ते चालत नाही.

यादी कोणत्या रचनेत द्यायची यावर तुमच्यात वर्षानुवर्षे वाद चालतील, याची मला कल्पना आहे. एसपीडीएक्स, सायक्लोनडीएक्स, जे पसंत पडेल ते घ्या. तो वाद मिटेपर्यंत साध्या मजकुराची फाइल चालेल: एका ओळीत एक हॅश, एक रिकामी जागा आणि फाइलचा मार्ग. पुढच्या रिलीजबरोबर तेवढी द्या, बाकीचे आम्ही वाचून घेऊ.

कळावे,
डिस्कवरच्या फाइली ओळखण्याचे काम करणारी एक तपासनीस